नामकलहमीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगायची रीत आहे. प्रस्तुत प्रबंधाचा विषय नामकलह. सोनोग्राफीचा पहिला फोटो हातात पडल्यापासून बारशाचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर जाईपर्यंत बाळाच्या नावावरून नवरा-बायकोत जो वाद चालतो, त्याची ही संज्ञा. प्रयोजन म्हणाल तर काही नाही. प्रयोजन असलेले विषय विद्यापीठांनी आधीच घेतलेले आहेत. संबंध असा, की ज्यांचा काडीचा संबंध नसतो ते सगळे या वादात मत देतात. आणि अधिकारी म्हणजे ज्याला मूल आहे, होणार आहे किंवा ज्याला स्वतःचं नाव आवडत नाही असा कोणीही. त्यामुळे कुणी वाचक अनधिकारी ठरण्याची भीती नाही.

या वादात दोन दर्शनं आहेत. एक अपूर्ववाद्यांचं. 'नाव युनिक हवं' हे त्यांचं बीजवाक्य. दुसरं परंपरावाद्यांचं. 'नावासारखं नाव असावं' हे त्यांचं बीजवाक्य, आणि त्याचा अर्थ विचारला की ते रागावतात. नवरा कुठल्या पक्षात आणि बायको कुठल्या, याला नियम नाही. पण पूर्वेतिहास पाहिला तर अंदाज बांधता येतो. ज्याच्या वर्गात आणखी तीन अमोल होते आणि ज्याने दहा वर्षं 'अमोल पी.' या नावाने हजेरी दिली, तो हटकून अपूर्ववादी निघतो. उलट जिला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग बँकेत, पासपोर्ट कार्यालयात आणि गॅस एजन्सीत प्रत्येक वेळी सुटं सुटं करून सांगावं लागलं, ती म्हणते, "साधं काहीतरी ठेवू या रे, प्लीज." म्हणजे बाळाच्या नावाचा वाद हा आपल्या नावाचा सूड असतो. तो घेण्यासाठी दुसरा जीव जन्माला घालावा लागतो एवढीच त्यातली अडचण.

आपल्याकडे या कलहाला कायद्याने एक जास्तीचं परिमाण दिलं आहे. १९९४च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. परिणामी नावांच्या याद्या मात्र दोन कराव्या लागतात, मुलाची आणि मुलीची, आणि दोन्हींवर स्वतंत्र भांडावं लागतं. यातलं निम्मं भांडण प्रसूतीच्या क्षणी वाया जातं. न्यू जर्सीत किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी जोडप्यांना एकाच यादीवर भांडून भागतं. मात्र 'ज्ञ'च्या स्पेलिंगमध्ये 'डी-एन-वाय' कशाला, हे तिथल्या बालवाडीला समजावण्याचा खर्च त्यांना वेगळा येतो. हिशेब साधारण बरोबरीतच सुटतो.

आता शास्त्राधार. परंपरावादी पक्ष 'आपल्यात असं नसतं' या वाक्याने सुरुवात करतो, तेव्हा आपल्यात नेमकं कसं असतं हे पाहणं प्राप्त आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, व्याकरण कशासाठी शिकावं याची कारणं दिली आहेत, आणि त्यांत चक्क मुलाचं नाव ठेवणं हे एक कारण आहे. दहावा दिवस उलटल्यावर ठेवायचं नाव कसं असावं? आरंभी घोष वर्ण असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी अंतस्थ असावा, अक्षरं दोन किंवा चार असावीत, ते कृदन्त असावं, तद्धितान्त नसावं. कृत् आणि तद्धित यांतला फरक व्याकरणावाचून कळणार कसा, म्हणून व्याकरण शिका. आजच्या बापांना ही अट घातली तर लोकसंख्येचा प्रश्न आपोआप सुटेल. पारस्कर गृह्यसूत्रात जवळपास हेच नियम आहेत आणि मुलींसाठी वेगळी तरतूद आहे: अक्षरं विषम असावीत आणि शेवटी 'आ' असावा. मनूने त्यात भर घातली आहे, की मुलीचं नाव उच्चारायला सोपं, कानाला गोड आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं.

प्रबंधकाराने ही कसोटी दोन्ही पक्षांच्या याद्यांना लावून पाहिली. निकाल धक्कादायक आहेत. आजीने सुचवलेलं 'लक्ष्मी' दोन अक्षरांमुळे बाद. 'सरस्वती' चार अक्षरांमुळे बाद. 'पार्वती'ची अक्षरं विषम आहेत, पण शेवटी 'आ' नाही. आणि जे ऐकून आजीने "हे काय नाव आहे? कुणाचं आहे?" असं विचारलं, त्या 'मायरा'ला तीन अक्षरं आहेत, शेवटी 'आ' आहे, उच्चार सोपा आहे आणि कानाला गोडही आहे. सूत्रकाराने मायरा उत्तीर्ण केली आहे. कियारा, शनाया, अनाया याही रांगेने उत्तीर्ण. मुलांच्या बाजूला 'कृष्ण' हे नाव पहिल्याच वर्णाला अडकतं, कारण क अघोष. 'ज्ञानेश्वर' मात्र चारही अक्षरांनिशी दिमाखात पार होतं. 'जय' आणि 'देव' यांनाही अडचण नाही. 'विहान' म्हणताना आपण दोनच अक्षरं म्हणतो, पण संस्कृतात ती तीन भरतात, म्हणून नापास. इथे परंपरावाद्यांना थोडा दिलासा मिळतो, आणि तो त्यांनी घ्यावा, कारण पुढे फारसा मिळणार नाही.

त्यांची अडचण मनूच्या आणखी एका नियमाने वाढते. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी किंवा साप यांचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असं तो म्हणतो. महाराष्ट्राने हा नियम वाचला आणि बाजूला ठेवला. नाहीतर इथल्या घराघरांतल्या गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा, कावेरी, तुळसा आणि मैना यांची लग्नं झालीच नसती, आणि परंपरा सांगायला परंपरावादी उरले नसते.

महाभाष्यातल्या आणखी दोन अटी प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी आहेत. नाव तीन पिढ्यांतल्या पूर्वजांना अनुसरणारं असावं, ही एक. इथे सासरेबुवा खुर्चीत सावरून बसतात. पण लगेच दुसरी: ते शत्रूकडे रूढ असलेलं नसावं. ही 'अनरिप्रतिष्ठित' नावाची अट आजच्या नामकलहात सर्वांत जास्त वापरली जाते, आणि वापरणाऱ्यांना आपण पतंजलीचे अनुयायी आहोत याची कल्पना नसते. शत्रू म्हणजे आता शेजारचं राज्य नव्हे. शत्रू म्हणजे आधीच्या कंपनीतला मॅनेजर, ताबा न देणारा बिल्डर, दहावीला दोन मार्कांनी पुढे गेलेला मावसभाऊ. 'निखिल' हे निष्पाप नाव एखाद्या घरात पुन्हा उच्चारायचं नसतं. का, याचा तपशील मिळत नाही.

"निखिल का नको?"

"असंच."

"अगं, पण काहीतरी कारण असेल ना?"

"कॉलेजात एक होता. नको म्हटलं ना."

नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. भाट्ट मीमांसकांनी अर्थापत्ती आणि अनुपलब्धी ही आणखी दोन जोडली. 'असंच' हे सातवं प्रमाण. ते इतर सहांना बाधित करतं आणि स्वतः कशानेही बाधित होत नाही. प्रत्येक पक्षाला ते कितीही वेळा वापरता येतं, आणि त्याचा खुलासा मागणाऱ्याला रात्रीचं जेवण थंड मिळतं.

आता अपूर्ववाद्यांकडे वळू. त्यांनाही मोकळं सोडणं न्यायाचं होणार नाही. त्यांनी अलीकडे एक नवा प्रत्यय रूढ केला आहे, त्याला आपण अंश-प्रत्यय म्हणू. दिव्यांश, शिवांश, वेदांश इथपर्यंत व्युत्पत्ती लागते. रेयांश आणि हियांश आले की शास्त्री चष्मा पुसू लागतात. या प्रत्ययाबद्दल प्रबंधकाराचा आक्षेप व्याकरणाचा नाही, वाट्याचा आहे. आपल्या पणजोबांना आख्खा देव मिळत असे. शंकर म्हणजे शंकर, गणपत म्हणजे गणपत, विष्णू म्हणजे पुरा विष्णू. पणतवाच्या वाट्याला अंश येतो. शेतजमिनीचं जे झालं तेच देवांचं होताना दिसतं. सातबारा उतरवून पाहायला हवा.

शिवाय युनिक नावाची शोधपद्धतीच अशी आहे, की तिने युनिक नाव मिळूच नये. नाव छोटं हवं. जोडाक्षर नको, कारण पुढे परदेशी जाईल. 'ळ' आणि 'ण' नकोत, कारण तेच. ट, ठ, ड, ढ नकोत, कानाला बोचतात. भारतीय वाटायला हवं, पण फार नको. देवाचं असावं, पण देवाचं आहे हे विचारल्यावर कळावं. एवढ्या चाळण्यांतून जे उरतं ते मूठभर स्वर, दोन-तीन व्यंजनं आणि एक अनुस्वार. महाराष्ट्रातली सगळी जोडपी आपापल्या घरी दार लावून, एकमेकांना न सांगता, ही मूठ उघडतात.

"विहान?"

"वरच्या मजल्यावरच्यांचा विहान आहे."

"मग विवान."

"तो खालच्यांचा."

"विआन?"

"लिफ्टमध्ये एक हाक मारलीस तर तिघं बाहेर येतील."

अपूर्वतेपेक्षा जास्त एकमत मराठी समाजात दुसऱ्या कशावर झालेलं प्रबंधकाराला आठवत नाही. याउलट आज कुणी मुलाचं नाव 'दत्तात्रय' ठेवलं, तर त्याला सबंध शाळेत जोड सापडायची नाही. म्हणजे खरं युनिक नाव आजोबांच्या रेशनकार्डावर पडून आहे. पण ते सुचवण्याचा मान आजोबांना जातो, आणि तिथे गाडी अडते.

खरं अपूर्व नाव ठेवायला हिंमत लागते, आणि ती पूर्वी होती. बखरी सांगतात, की मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेची आठवण म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. आज शहाजी हे नाव पुरेपूर मराठी वाटतं, त्या दिवशी बारशाला आलेल्या एखाद्या चुलत्याने "हे काय नाव?" असं विचारलंच नसेल, याची खात्री कोण देईल? अलीकडचं उदाहरण सुनील गावसकरांचं. त्यांच्या मुलाचं पूर्ण नाव रोहन जयविश्व. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ असे तीन फलंदाज एका पाळण्यात. अंशांचं राजकारण नाही, तिघंही पूर्ण डावाने आलेले. रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं, आणि पुढे त्या मुलावरून इतक्या बापांनी नावं ठेवली की शाळांना आडनावाची आद्याक्षरं शोधावी लागली. अपूर्ववादाची ही अटळ गती आहे: नाव गाजलं की ते परंपरेत जमा होतं आणि पुढच्या पिढीच्या 'नको' यादीत जातं.

इथे एक ऐतिहासिक शंका काढायला हवी. हा कलह अनादी आहे का? नाही. नाव आत्याने ठेवायचं, बाळाच्या कानात तिने सांगायचं, बायकांनी 'कुर्र' करत तिच्या पाठीत धपाटे घालायचे आणि सर्वांना घुगऱ्या द्यायच्या, अशी व्यवस्था होती. त्याआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवलं जाई. त्या सोहळ्यात वरवंट्याचं आणि बाळाच्या आईचं मत सारखंच मोजलं जाई. बापालाही फारसं कुणी विचारत नसे. वडीलधाऱ्यांनी ठरवायचं, गुरुजींनी अक्षर काढायचं, आत्याने जाहीर करायचं. नवरा-बायकोचं नावावरून भांडण नव्हतं, कारण भांडायला दोघांनाही जागा नव्हती.

आणि बायकोला तर स्वतःच्या नावावरही नव्हती. लग्नानंतर ताटातल्या तांदळात अंगठीने जे नाव लिहिलं जाई, ते तिचं. आनंदीबाई जोशी जन्माने यमुना. रमाबाई रानडे जन्माने यमुना. आनंदीबाई कर्वे जन्माने गोदावरी. नद्यांना मनूचा विरोध होता हे आपण पाहिलं, पण इथे मनूचा संबंध नाही. या नद्या सासरच्या उंबरठ्यावर अडवल्या गेल्या, एवढंच. जिचं नाव एका सकाळी ताटात पुसलं गेलं आणि दुसरं लिहिलं गेलं, ती मुलाच्या नावावरून नवऱ्याशी तीन महिने वाद घालण्याची शक्यता नव्हती. तेव्हा आजच्या जोडप्यांच्या घरातून 'विआन की विश्वनाथ' असा आवाज येतो, तेव्हा शेजाऱ्यांनी तक्रार करू नये. तो आवाज यायला बराच काळ लागला आहे.

एकमत झालं की नाव चांगलं असतं, हाही समज तपासून घ्यायला हवा. मुलं जगत नसत तेव्हा पुढच्याला दगडू, धोंडू, भिकू म्हणत, म्हणजे दैवाची दृष्ट लागू नये. त्यात निदान माया होती. पण मुलीवर मुली झाल्या म्हणून ज्यांचं नाव 'नकुशी' ठेवलं गेलं, त्या घरांत नामकलह झाल्याचं ऐकिवात नाही. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींनी ते नाव समारंभपूर्वक टाकून आपल्या पसंतीची नावं घेतली. त्यांच्या बारशाला कुणीतरी भांडायला हवं होतं.

असो. गुरुजींच्या अक्षराचा उल्लेख आला आहे, तर अवकहडा चक्राची दखल घेऊ. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ अक्षरं. बाळ ज्या चरणावर जन्मलं त्या अक्षराने नाव सुरू करायचं. अश्विनीवर जन्मलं तर चू, चे, चो, ला. तीन चरणांवर आई-बाप एकमेकांकडे पाहतात आणि चौथ्यावर सुटकेचा श्वास टाकतात. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतो, हस्ताच्या तिसऱ्याला 'ण' आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ'. 'ङ'वरून नाव ठेवून दाखवणाऱ्या दांपत्याला प्रबंधकार निर्विवाद अपूर्ववादी ही पदवी स्वखर्चाने देईल. व्यवहारात गुरुजी डोळ्यांवर कातडं ओढून जवळचं अक्षर देतात. शास्त्र लवचीक असतं. दक्षिणा ठरलेली असते.

याच परंपरेत कलहावरचा तोडगाही होता, आणि आपण तो विसरलो. नामकरणविधीत नाव एक नसतं, चार असतात: कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि व्यवहाराचं. आषाढात जन्मलेल्याचं मासनाम यज्ञपुरुष, कार्तिकातल्याचं पुंडरीकाक्ष. म्हणजे आज आरव म्हणून हाक मारला जाणारा एखादा मुलगा शास्त्राने पुंडरीकाक्ष असू शकतो आणि त्यावरून कुणाचंही भांडण होत नाही, कारण ते कुणाला माहीत नसतं. चार नावांत सासू, सून, सासरे आणि नवरा यांची सोय एकेका नावाने झाली असती. आपण तीन नावं गुरुजींच्या पुटपुटण्यात सोडून दिली आणि चौथ्यावर चौघांनी झडप घातली.

सरकारनेही या वादात काही नियम घालून दिले आहेत. प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटावर आईच्या नावाची पट्टी बांधतात. त्या दिवसांत 'बेबी ऑफ' अमुक हेच त्याचं नाव. आईच्या पक्षाचा हा सर्वांत भक्कम पुरावा. तो डिस्चार्जच्या वेळी कात्रीने कापला जातो. महाराष्ट्र शासनाने मात्र १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम लावला. त्यामुळे नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी नाव वडिलांच्या नावाला आणि आडनावाला जुळतंय का एवढंच म्हणून पाहत. आता चार नावांची आगगाडी सुरात धावली पाहिजे. एका डब्यात 'रेयांश' आणि शेवटी 'गायतोंडे' असं आलं की इंजीन आणि गार्ड यांची ओळख पटत नाही.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नावाची नव्हे. १९६९च्या कायद्याने बाळाची नोंद नावाशिवाय होते आणि नाव मागाहून घालता येतं. वर्षाच्या आत शुल्क नाही, आणि शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुदत. कायदा करणाऱ्यांच्या घरी कलह किती लांबला असेल, याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येतो. पंधरा वर्षांत तर मुलालाच मत येतं, आणि ते बहुधा दोन्ही पक्षांच्या विरुद्ध असतं.

दरम्यान घर थांबत नाही. यादीवर खल चालू असताना बाळाला कुणीतरी बाळ, पिल्लू, छकुली, गुंड्या म्हणायला लागतं आणि तेच चिकटतं. टिळकांचं नाव केशव होतं. घरातल्या 'बाळ'ने ते इतिहासातून बाहेर ढकललं. श्रीकांत ठाकरे संगीतकार, म्हणून त्यांनी मुलाचं नाव स्वरराज ठेवलं. लोकांनी स्वर काढून राज तेवढा घेतला. अर्थाच्या याद्या, पोथ्या, अ‍ॅप आणि अंकशास्त्रवाल्याला दिलेली फी या सगळ्यांवर मात करून शेवटी जिंकतं ते अडीच वर्षांच्या मोठ्या भावंडाला उच्चारता आलेलं नाव. प्रबंधकाराच्या माहितीत एक सनदी लेखापाल आहेत. पाटीवर त्यांचं नाव चांगलं पाच अक्षरी, सामासिक आहे. गावी गेले की ते 'बबड्या' असतात आणि त्याच नावाने त्यांना शेताच्या हद्दीचा निकाल द्यावा लागतो.

एक शंका उरली. पूर्वपक्ष विचारतो, की दुसऱ्या अपत्याच्या वेळी हे सगळं पुन्हा करायचं का? उत्तरपक्ष म्हणतो, नाही. दुसऱ्याचं नाव पहिल्याशी यमक जुळवतं: ओमच्या पाठी सोहम, रियाच्या पाठी सिया, अनयच्या पाठी तनय. निर्णय आधीच झालेला असतो, फक्त व्यंजन बदलायचं असतं, आणि त्यावर एखादा रविवार पुरतो. तिसऱ्याविषयी शंका काढणारा पूर्वपक्षी हल्ली भेटत नाही.